कोपराच्या फ्रॅक्चरनंतर पुन्हा क्लायंबिंग: पहिल्या दिवसापासून पहिल्या कड्यापर्यंत

मी पडलो तो काही तैलबैल्याच्या भिंतीवरून नाही. पुण्यातल्याच एका वॉलवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम भिंतीवर, खाली जाड गादी घातलेल्या बोल्डरिंगच्या (दोराशिवाय कमी उंचीवर चढायच्या) भागात, जेमतेम सात फुटांवरून पडलो. होल्ड (भिंतीवरची हाताने धरायची खोबण) सुटला, पाठीवर जातोय हे कळलं आणि डावा हात आपोआप मागे टेकला. गादीने पाठ वाचवली, कोपर नाही वाचवलं. एक्सरेत रेडियल हेडला, म्हणजे कोपरातल्या एका हाडाच्या डोक्याला, तडा निघाला.

हाड सहा-सात आठवड्यांत व्यवस्थित जुळलं. मी कड्यावर परतलो मात्र सात महिन्यांनी, आणि त्यातले निदान दोन महिने माझ्या स्वतःच्या चुकीने गेले. घाबरून मी हात तीन आठवडे झोळीतून काढलाच नाही. जिथे उपचार घेत होतो तिथे ‘आता हळूहळू हात चालवा’ एवढंच सांगितलं गेलं. कसा चालवायचा, किती, दिवसातून कितीदा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कोपर आखडलं. म्हणून या लेखात हाड जुळण्याबद्दल थोडं आणि कोपर सरळ करण्याबद्दल पुष्कळ आहे. मी डॉक्टर नाही. इथलं वेळापत्रक आणि तुमच्या सर्जनचं म्हणणं यात फरक पडला तर सर्जनचं ऐका, कारण तुमचा एक्सरे त्यांनी पाहिलाय, मी नाही.

पडल्यापडल्या

कोपर मोडलंय की नुसतं मुचकलंय, याची एक साधी पारख आहे. बसा, दोन्ही हात तळवे वर करून समोर धरा आणि कोपरं पूर्ण सरळ करून पाहा. दुखावलेलं कोपर दुसऱ्याइतकंच सरळ झालं तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी होते. मध्येच अडलं तर एक्सरे काढायचाच. सरळ झालं पण तीन-चार दिवसांत दुखणं उतरत नाहीये, तरीही दाखवायचंच. हात वेडावाकडा दिसत असेल तर मात्र ही परीक्षा घेऊ नका. आहे त्याच स्थितीत बांधा आणि निघा. गाडीची सोय नसेल तर १०८ वर फोन करा.

अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचे गंडेदोरे लगेच काढा. सूज भराभर बोटांपर्यंत पसरते आणि मग अंगठी कापावी लागते. झोळीसाठी ओढणी किंवा टीशर्ट उत्तम; बॅगेत हाताशी असते म्हणून क्लायंबिंगची टेप स्लिंग गळ्यात अडकवू नका, अरुंद पट्टी मानेला काचते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बोटांचा रंग, ऊब आणि स्पर्श तपासा, विशेषतः करंगळीचा. ऑपरेशन लागेल असं वाटत असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत काही खाऊ नका. मला मित्रांनी आधी वडापाव दिला होता, प्रेमाने. नशीब, ऑपरेशन लागलं नाही.

पहिल्या एक्सरेत रेडियल हेडचा बारीक तडा कधीकधी दिसतच नाही. सांध्यात रक्त साठल्याने आतली चरबी सरकते आणि तिची सावली तेवढी दिसते. अशा वेळी डॉक्टर फ्रॅक्चर आहे असं धरूनच चालतात आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढायला सांगतात. तो टाळू नका.

मोडलंय नेमकं काय

कोपरात तीन हाडं भेटतात: दंडाचं ह्यूमरस आणि हाताची अल्ना व रेडियस. आपल्या दृष्टीने मुख्य प्रकार दोन.

रेडियल हेड म्हणजे रेडियसचं वरचं गोल डोकं. मोठ्या माणसांत कोपराचं हे सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर, आणि तळहात टेकून पडल्यावर बहुतेकदा हेच होतं. तळहात वर-खाली फिरवताना हे डोकं गर्र फिरतं. देवळात तीर्थ घ्यायला आपण हात पुढे करतो ती क्रिया याच्यामुळे होते. त्याचं वर्गीकरण मेसन नावाच्या सर्जनने १९५४ साली केलं आणि आजही रिपोर्टवर ‘मेसन १’, ‘मेसन २’ असं लिहून येतं. पहिल्या प्रकारात तुकडा जवळजवळ सरकलेला नसतो. ऑपरेशन लागत नाही आणि हात लवकर हलवायचा असतो. दुसऱ्यात तुकडा सरकलेला असतो, तिसऱ्यात डोक्याचे तुकडेच झालेले असतात. दुसऱ्यात ऑपरेशन करायचं की नाही, हे बरंचसं तळहात फिरवताना काही आडवं येतंय का यावर ठरतं.

ओलेक्रॅनॉन म्हणजे टेबलावर रेलताना टेकतं ते टोक. त्यावर दंडामागचा ट्रायसेप्स चिकटलेला असतो. हाड तुटलं की तो तुकडा वर ओढतो, त्यामुळे इथे बहुतेकदा तार किंवा प्लेट घालावी लागते. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाला हे झालं होतं. त्याचे पहिले सहा आठवडे माझ्यापेक्षा अगदी वेगळे गेले: कोपर वाकवायला परवानगी, पण कशालाही हाताने ढकलायचं नाही. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचं नाही, जड दार लोटायचं नाही.

ह्यूमरसचं खालचं टोक मोडलं असेल किंवा फ्रॅक्चरबरोबर सांधाही निखळला असेल, तर खालचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. तिथे लिगामेंटचा, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांचा, प्रश्न असतो आणि कुठल्या कोनात हात हलवायचा हे सर्जननेच ठरवायचं असतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरून कागदावर लिहून न्या, नाहीतर केबिनमध्ये आपण नुसती मान डोलावतो. तुकडा किती सरकलाय? सांधा स्थिर आहे का? हात हलवायला कोणत्या तारखेपासून सुरुवात करू? कुठली हालचाल बंद? वजन कधी उचलू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेत मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

पहिले दोन आठवडे

न सरकलेल्या रेडियल हेडला झोळी असते ती दुखू नये म्हणून, हाड जुळावं म्हणून नाही. साधारण काही दिवसांत ती दिवसातून चार-पाच वेळा काढून कोपर हळू वाकवायचं-सोडायचं असतं. ऑपरेशन झालेल्यांनाही बहुधा लवकरच हलवायला सांगतात. प्लेट बसवायचा एक हेतूच तो असतो. कोपराभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, इतर सांध्यांच्या मानाने फार चटकन जाड होते आणि आकसते. खांदा तीन आठवडे बांधून ठेवलेला त्यातल्या त्यात परवडतो, कोपर नाही परवडत.

झोळीत हात असतानाही बोटांची मूठ आवळणं-उघडणं, मनगट फिरवणं आणि खांदा हलवणं सुरू ठेवा. मी खांदा विसरलो आणि चौथ्या आठवड्यात शर्ट घालताना खांदाच ओरडला. झोपताना हात दोन उशांवर, हृदयापेक्षा वर.

प्लास्टर असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, कोणी बोटं सरळ केली तर जीव जातोय, बोटं बधिर किंवा गार पडताहेत, असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते काही तासांत कायमचं बिघडू शकतं.

दुसरा ते सहावा आठवडा: कोपर सरळ करणं

चार हालचाली परत मिळवायच्या असतात: वाकवणं, सरळ करणं, तळहात वर करणं, तळहात खाली करणं. निरोगी कोपर शून्यापासून (म्हणजे पूर्ण सरळ) साधारण १४५ अंशांपर्यंत वाकतं आणि तळहात दोन्ही बाजूंना ऐंशीच्या आसपास फिरतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मॉरे यांनी १९८१ साली मोजून दाखवलं की रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंश आणि दोन्हीकडे पन्नास-पन्नास अंश फिरणं पुरतं. ऑफिसला पुरतं, क्लायंबिंगला मात्र वरच्या होल्डपर्यंत हात लांबवायचा असतो.

वाकवणं सहसा आपलं आपण परत येतं. जेवताना घास तोंडाशी न्यायचा, फोन कानाला लावायचा, कॉलरचं बटण लावायचं, दिवसभर सराव होतच असतो. सरळ करण्याची सक्ती मात्र कुठलंच काम करत नाही, उलट दुखरा हात आपण नकळत पोटाशी धरून फिरतो. त्यामुळे बहुतेकांचं अडतं ते शेवटच्या तीस अंशांत. माझे पस्तीस उरले होते.

मी जे केलं आणि जे लागू पडलं ते असं. आधी दहा मिनिटं गरम शेक, टाके सुकलेले असतील तरच. मग पलंगावर उताणं पडून दंडाखाली कोपराच्या जरा वर गुंडाळलेला टॉवेल, तळहात छताकडे, आणि हाताला आपल्या वजनाने खाली सुटू द्यायचं. पाच मिनिटं. दुसऱ्या हाताने दाबायचं नाही, कोणाला दाबू द्यायचं नाही. शेवटी ट्रायसेप्स हळूच आवळून आहे तेवढ्या टोकाला दहा सेकंद धरायचं, पाच-सहा वेळा (ओलेक्रॅनॉनचं ऑपरेशन झालेल्यांनी हा शेवटचा भाग सर्जनला विचारल्याशिवाय करू नये). त्यानंतर वाकवणं आणि फिरवणं. फिरवताना कोपर बरगडीला चिकटलेलं हवं, नाहीतर खांदा फिरतो आणि आपल्याला वाटतं तळहात फिरला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, फिजिओने होकार दिल्यावर, लाटण्याचं एक टोक मुठीत धरून ते घड्याळाच्या काट्यासारखं डावी-उजवीकडे झुकवायचं. लाटणं जितकं टोकाशी धराल तितकं जड होतं, म्हणजे वेगळी वजनं आणायला नकोत.

हे सगळं दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. संध्याकाळी एकदाच तासभर घाम गाळून होत नाही. रागावलेलं कोपर सुजतं आणि सकाळी कालच्यापेक्षा कमी सरळ होतं. माझ्या फिजिओचा नियम असा होता: करताना दहापैकी तीन-चार दुखलं तर चालेल, थांबल्यावर अर्ध्या तासात उतरलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोन कालच्याइतका किंवा बरा असला पाहिजे. सकाळचा कोन कमी झाला तर काल जास्त केलंत. वेदनाशामक गोळी घेऊन जोर लावणं म्हणजे स्मोक अलार्मची बॅटरी काढून स्वयंपाक करणं.

मोजमाप रोज करू नका, वेड लागतं. दर रविवारी त्याच भिंतीपाशी, त्याच उंचीवर फोन ठेवून बाजूने एक फोटो काढा. पहिल्या दोन आठवड्यांत झरझर फरक दिसतो, मग एका अंशासाठी पंधरा दिवस घासावे लागतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास कोन अगदीच अडून बसला तर रात्री घालायच्या, हळूहळू ताणणाऱ्या स्प्लिंटबद्दल विचारा. शेवटचे अंश मिळायला वर्षसुद्धा लागतं. पाच-दहा अंश कायमचे गेले तरी क्लायंबिंग अडत नाही. माझे सहा गेलेत.

फिजिओ रोज परवडत नसेल तर पुण्यात फिजिओथेरपी कॉलेजांना जोडलेल्या ओपीडी आहेत: शिवाजीनगरला संचेतीचं, धनकवडीत भारती विद्यापीठाचं, पिंपरीत डी. वाय. पाटीलचं. आठवड्यातून एकदा नीट शिकून घ्यायचं आणि बाकी घरी करायचं, हेही पुरतं, करणारा प्रामाणिक असेल तर.

मालिशवाला आला तर

हे वेगळं लिहितोय, कारण तो येतोच. माझ्या मावशीने मुळशीकडच्या एका हाडवैद्याचा पत्ता आणला, आणि ‘दोन बैठकांत हात सरळ’ असा दिलासाही. कोपराला गूळ लावणं ही म्हण इतकी चपखल क्वचितच बसते.

मोडलेल्या कोपराला जोरात चोळलं किंवा ओढून सरळ केलं की दंडाच्या पुढच्या बाजूचा, कोपरावरून जाणारा स्नायू फाटतो, आत रक्त साठतं आणि त्या स्नायूतच हाड धरायला लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग कोपर ना वाकत ना सरळ होत, आणि ते जास्तीचं हाड काढायला वेगळं ऑपरेशन. असं हाड मालिश न करताही कधीकधी धरतं, पण आपण होऊन आमंत्रण कशाला द्या? ऑपरेशनचा व्रण सुकल्यावर नुसत्या व्रणावरून बोट फिरवणं वेगळं, ते फिजिओ शिकवतात. सांध्यावर तेल लावून रगडणं नाही म्हणजे नाही. मावशीला मी सांगितलं, ‘डॉक्टरांनी सक्त मनाई केलीये.’ आपलं मत सांगून वाद वाढतो, डॉक्टरांचं नाव घेतलं की मिटतो.

दुचाकी आणि बाकीचं पुणे

या शहरात सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न: गाडी कधी चालवू? दोन्ही ब्रेक करकचून दाबता आले पाहिजेत, स्पीडब्रेकरचा हिसका कोपराला सोसला पाहिजे आणि अचानक हँडल वळवता आलं पाहिजे. यातलं एकही जमत नसेल तर नाही. मी दहाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस रिक्षा आणि मेट्रोवर काढले. पीएमपीच्या गर्दीत दुखऱ्या हाताने वरचा दांडा धरू नका. ब्रेक लागला की तुमचं अख्खं वजन त्या कोपरावर येतं. तो हात आतल्या बाजूला ठेवून खिडकीशी बसा.

टेकडीवर फिरायला जायला हरकत नाही, पण झोळी असेपर्यंत पर्वतीच्या पायऱ्या बऱ्या, आतकरवाडीतून सिंहगड नको. चढताना काही होत नाही. उतरताना घसाऱ्यावर पाय सरकला की हात पुन्हा टेकणार, आणि टेकणार तो बहुधा तोच.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. प्रथिनं मोजून खा. डाळ-भातात आपल्याला वाटतात तेवढी नसतात. नाचणीत शंभर ग्रॅममागे साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तीळही चांगले. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे ते पुष्कळांचं कमी निघतं. डिंकाचे लाडू आईला करू द्या, तिला बरं वाटतं. सिगरेट मात्र बंद, तिच्याने हाड जुळायला खरोखर उशीर होतो.

सहा ते बारा आठवडे: ताकद

सहाव्या आठवड्याच्या आसपास एक्सरेत हाड जुळताना दिसलं आणि सर्जनने वजनाची परवानगी दिली की ताकदीकडे वळायचं. त्याआधी नाही. क्लायंबरची घाई इथे नडते: हात हलायला लागला की तो आधी दाराच्या चौकटीला लटकून बघतो.

सुरुवात न हलवता आवळण्यापासून. तळहात टेबलाखाली लावून वर दाबा, टेबलावर ठेवून खाली दाबा, दहा-दहा सेकंद. मग मऊ चेंडू, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मग रबरी पट्टा. आठवड्याला थोडंच वाढवायचं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना विसरू नका. नुसती मूठच आवळत राहिलात तर कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं मागे लागतं आणि फ्रॅक्चर बरं होऊनही तुम्ही वॉलखाली बसून राहता.

चांगल्या हाताचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवा. एका हाताने सराव केला की दुसऱ्या, न वापरलेल्या हाताची ताकद कमी प्रमाणात घटते. हे मज्जासंस्थेतून होतं आणि ते अभ्यासातून दिसून आलेलं आहे. मी उजव्या हाताने वजनं उचलत होतो तेव्हा घरच्यांना वाटायचं, हा स्वतःची समजूत काढतोय.

एका हाताने वॉलवर चढायचा मोह मात्र आवरा. इन्स्टाग्रामवर प्लास्टर घालून चढणारे वीर पुष्कळ दिसतात. टॉप रोपवरसुद्धा, म्हणजे दोर वरून लावलेला असतानाही, भोपळ्यासारखा झोका बसतो आणि भिंतीवर आपटताना पुढे कोण येतं? दुखरं कोपर.

दहाव्या-बाराव्या आठवड्यात भिंतीला हात लावून उभ्याने पुशअप, मग ओट्याला लावून, मग गुडघे टेकून जमिनीवर. लटकायला सुरुवात करताना पाय स्टुलावर ठेवा आणि वजन पायांवरून हातांवर हळूहळू सोडा. कोपर कुलूप लागल्यासारखं ताठ करून लटकू नका. किंचित वाकलेलं, खांदे कानांपासून खाली खेचलेले.

वॉलवर परत कधी

तारीख विचारू नका, चाचणी घ्या. मी पाच गोष्टी पाहिल्या. एक, सर्जनने हाड जुळल्याचं सांगितलंय. दोन, कोपर दुसऱ्यापेक्षा दहा अंशांपेक्षा जास्त मागे नाही आणि तीर्थ घ्यायला तळहात सपाट होतो. तीन, मुठीची ताकद दुसऱ्या हाताच्या निदान ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. फिजिओकडे मोजायचं यंत्र असतं. चार, गुडघ्यांवरचे दहा पुशअप न दुखता. पाच, मोठ्या होल्डवर तीस सेकंद लटकणं, आणि दुसऱ्या दिवशी सूज नाही. ऑपरेशन न झालेल्या साध्या रेडियल हेडला इथवर यायला बहुतेकदा तीन ते चार महिने लागतात, ऑपरेशन झालेल्यांना चार ते सहा. दादाला साडेपाच लागले.

पहिल्या दिवशी फक्त टॉप रोप. मागे कललेली किंवा सरळ भिंत, अंगावर येणारी (ओव्हरहँग) नाही. दाराच्या कडीएवढे मोठे होल्ड, आणि तुमच्या नेहमीच्या ग्रेडपेक्षा इतका सोपा रूट की शेजारी चढणाऱ्या शाळकरी पोरांनी दयेने बघावं. वीस-पंचवीस मिनिटं, मग घरी. मध्ये दोन दिवस विश्रांती. पहिल्या सेशननंतर मला काहीच दुखलं नाही आणि दुसऱ्याच दिवशी मी परत गेलो. कोपराने तिसऱ्या दिवशी हिशेब चुकता केला. हाडापेक्षाही इथे प्रश्न बोटांच्या आणि कोपराच्या कंडऱ्यांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा) असतो. स्नायू काही आठवड्यांत जागे होतात, कंडऱ्यांना महिने लागतात. स्नायू ‘चल’ म्हणतात तेव्हा कंडरा तयार नसते, आणि चार महिने न वापरलेल्या बोटांनी बारीक क्रिम्प (बोटांच्या टोकांनी धरायची कड) धरली की बोटाची पुली, म्हणजे कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी, फाटते. कोपर सांभाळता सांभाळता बोट गमावलेले लोक मी पाहिलेत.

वाढवायचा क्रम असा ठेवा: आधी रूटची संख्या, मग भिंतीचा उतार, मग होल्डचा बारीकपणा, आणि अगदी शेवटी उडी मारून होल्ड पकडणं. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, म्हणजे दुखलं तर कशाने दुखलं ते कळतं.

काही हालचाली उशिरा घ्यायच्या. कठड्यावर हात टेकून शरीर वर ढकलायची मॅन्टलिंग ओलेक्रॅनॉनवाल्यांनी सर्वांत शेवटी. खालून उलटा धरायचा अंडरक्लिंग म्हणजे तळहात वर करून बायसेप्सने खेचणं, ते रेडियल हेडवाल्यांना जाणवतं. हात वाकवून त्याच कोनात शरीर तोलून धरणं, म्हणजे लॉक-ऑफ, दोघांनाही.

बिले करणं

बिले म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर धरून त्याला सांभाळणं. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला ते चढण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ग्रुपला वाटतं, बिचारा चढू शकत नाही तर निदान बिले तरी करू दे. ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात दुखरा असेल तर नको. जोडीदार पडला आणि रोपला हिसका बसला की तुमचा हात दुखून सुटला तर मोडणारं कोपर त्याचं असेल, किंवा मान. आपोआप अडकणारं डिव्हाइस असलं तरी ब्रेक रोपवर हात लागतोच. ग्रुपमध्ये संकोच वाटतो, पण ‘मी आज बिले करत नाही’ हे जोडीदाराने हार्नेस चढवायच्या आधी सांगा. परत सुरू करताना आधी मागे दुसऱ्याला रोप धरायला उभं करा आणि जोडीदाराला मुद्दाम दोन-चारदा लोंबकळायला सांगून बघा.

बोल्डरिंग, लीड आणि खडक

बोल्डरिंग सोपं वाटतं म्हणून लोक त्यानेच सुरुवात करतात. उलट आहे: बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं जमिनीवर असतं. मी ते सहाव्या महिन्यानंतर घेतलं, आणि त्याआधी दोन आठवडे नुसतं पडायचा सराव केला. आधी गादीवर उकिडवं बसून मागे लोळायचं, मग उभ्याने, मग दोन फुटांवरच्या होल्डवरून. दोन्ही पाय टेकले की गुडघे वाकवायचे, हात छातीवर फुली मारून घट्ट, हनुवटी छातीशी आणि पाठीवर गोल लोळायचं. मेंदू हात मागे न्यायला बघतोच. शंभरेक वेळा केल्यावर तो ऐकतो. वर जाता येतं तसं उतरून यायलाही शिका. सगळ्या प्रॉब्लेमवरून (बोल्डरिंगच्या छोट्या रूटवरून) उडी मारायलाच हवी असं नाही.

सह्याद्रीत नैसर्गिक खडकावर जायचं तर ऋतूचा हिशेब करा. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, गवत घसरतं. क्लायंबिंगचा काळ ऑक्टोबर ते मार्च. मी मे महिन्यात पडलो होतो, त्यामुळे सगळा पावसाळा व्यायामात गेला तरी काही हुकलं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलात तर तीन महिन्यांत घाईने बरं होऊन काही मिळत नाही, जून दारात उभा असतो. पुढचा ऑक्टोबर धरून सावकाश चाला.

पहिली चढाई तैलबैला किंवा वानरलिंगीसारखी लांब नको. गाडीरस्त्यापासून जवळ, वरून रोप लावता येईल असा एकाच टप्प्याचा कातळ निवडा. आपला बेसॉल्ट थराथरांचा, हातात होल्ड सुटून येऊ शकतो, म्हणून प्रत्येक होल्ड आधी ठोकून बघायची जुनी सवय आता दुप्पट पाळा. आग्या मोहोळ असलेला कडा तर घेऊच नका. तिथून झटपट पळ काढायला दोन्ही धड हात लागतात. लीड, म्हणजे वाटेत दोर क्लिप करत पुढे चढणं, पुन्हा सुरू करताना आधी वॉलवर, ओळखीच्या रूटवर, आणि क्लिप करताना दुखऱ्या हातावर लटकून राहायला जमतंय का ते जमिनीजवळच तपासून. जाण्याआधी विमा पॉलिसीही वाचा. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. आमच्यातल्या एकाला हे दावा नाकारल्यावर कळलं.

केव्हा थांबायचं

करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत राहणं किंवा पकड सैल पडणं हे कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नसेचं काम. आठवडाभर वाट पाहून बघू म्हणू नका. मिळवलेला कोन परत कमी होत जाणं, कोपर तापलेलं आणि लाल राहणं, ऑपरेशनच्या जागी पाणी किंवा पू येणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आणि हात हलवताना काहीतरी अडकून ‘खट्’ होणं, यातलं काहीही दिसलं तर वॉल बंद आणि सर्जनची वेळ घ्या.

ओलेक्रॅनॉनची तार किंवा प्लेट कातडीच्या अगदी खालीच असते, म्हणून टेबलावर रेलताना बोचते आणि पुष्कळांना पुढे ती काढून टाकावीशी वाटते. काढायची तर हाड पक्कं जुळल्यानंतर, आणि काढल्यावर स्क्रूची भोकं भरून यायला वेळ द्या. त्या काळात हाड तिथे कमजोर असतं. दादाने प्लेट नोव्हेंबरमध्ये काढायची ठरवली होती. सर्जनने विचारलं, तुमचा सीझन कधी असतो? मग ऑपरेशन जूनमध्ये ढकललं आणि तो हिवाळा प्लेटसकट चढला.